झुंज आणि लढा : स्तनाच्या कर्करोगावरील तरुण स्त्रियांच्या लेखनाचे एक वाचन

वर्तमानपत्रातील निधनवार्ता नियमाने वाचणाऱ्यांना एक वाक्य पाठ झालेले असते : 'कर्करोगाशी सुरू असलेली त्यांची झुंज अखेर अपयशी ठरली.' नाव बदलते, वय बदलते, वाक्य तेच राहते. हृदयविकाराने गेलेल्या माणसाचे 'तीव्र धक्क्याने निधन' होते. त्याचे हृदय अपयशी ठरले तरी तो अपयशी ठरला असे कोणी लिहीत नाही. कर्करोगाने गेलेला माणूस मात्र हरतो. तिशी-पस्तिशीतली बाई गेली असेल, तर या वाक्याला 'दोन चिमुरड्यांना मागे ठेवून' अशी जोड मिळते आणि बातमी संपते. गाठ कधी लागली, कोणाला दाखवली, निदानाला किती महिने लागले, यांपैकी काहीही त्या वाक्यात मावत नाही.

या एका शब्दाच्या नादाने मी स्तनाच्या कर्करोगावर स्त्रियांनी स्वतः लिहिलेली पुस्तके वाचायला सुरुवात केली. मी वैद्यकशास्त्राची किंवा साहित्याची पदवीधर नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. वाचन ग्रंथालयाच्या वर्गणीवर आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर पोसले गेले. हिशेबाच्या कामाने एक सवय मात्र लावली. एकाच खात्यात दोन वेगळ्या रकमा जमा झालेल्या दिसल्या की त्या वेगळ्या काढायच्या. 'झुंज' या खात्यात अशाच दोन गोष्टी एकत्र जमा झाल्या आहेत, असे मला ही पुस्तके वाचताना दिसत गेले. त्या वेगळ्या काढणे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आधी शब्दाचेच पाहू. मराठीत झुंज दोन प्रकारची असते. एक खिंड लढवणाऱ्या वीराची. तीत मरण आले तरी हार मानली जात नाही. दुसरी रेड्यांची किंवा कोंबड्यांची. ती 'लावली' जाते. रेडा ती निवडत नाही. मैदान दुसऱ्याचे, पैज दुसऱ्याची, आणि भोवती बघे असतात. निधनवार्तेतली झुंज बोलते पहिल्या प्रकारची भाषा, पण वागते दुसऱ्या प्रकाराने, कारण शेवटी ती निकाल लावते. याच्या शेजारी 'लढा' हा शब्द ठेवून पाहा. संयुक्त महाराष्ट्राचा लढा, गिरणी कामगारांचा लढा. लढ्याला मागणी असते, ती कोणाकडे करायची हे ठाऊक असते, आणि तो एकट्याने होत नाही. गाठीतल्या पेशींकडे कसली मागणी करणार? दवाखाना, कचेरी, सरकार, कारखानदार, घर यांच्याकडे मात्र मागणी करता येते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. तरुण वयात हा आजार झालेल्या चांगल्या लेखिकांनी आजाराशी झुंज क्वचितच लिहिली आहे. त्यांनी लिहिला आहे तो लढा : उशिराशी, अविश्वासाशी, वेळेच्या टंचाईशी, गप्प बसवणाऱ्या सौजन्याशी. आपण त्यांच्या पुस्तकांवर 'झुंज' असा शिक्का मारतो तेव्हा हा लढा पुसला जातो. 'तरुण' हा शब्द मी जरा सैल वापरते आहे. वैद्यकात साधारणपणे चाळिशीच्या आतली स्त्री या वर्गात धरतात. मी पंचेचाळिशीपर्यंत जाते. मुले अजून हाताशी आलेली नाहीत, नोकरी मध्यावर आहे, आणि 'तुला कसा होईल, तुझे वय ते काय?' असे लोक सहज म्हणतात, असे ते वय.

हा 'वय ते काय' प्रकारचा धीर म्हणजेच या लेखनातली पहिली गाठ. रूथ पिकार्डी ही लंडनची पत्रकार. १९९६ च्या शरद ऋतूत, बत्तिसाव्या वर्षी, तिला कर्करोगाचे निदान झाले. त्याआधी तीच गाठ एकदा निरुपद्रवी ठरवली गेली होती, आणि मधल्या काळात तिला जुळी मुले झाली होती. सप्टेंबर १९९७ मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, ती गेली. मृत्यूनंतर १९९८ मध्ये तिचे 'बिफोर आय से गुडबाय' हे पुस्तक निघाले. खरे तर ते पुस्तक म्हणून लिहिलेलेच नव्हते. मित्रमैत्रिणींशी झालेली ई-मेल, 'ऑब्झर्व्हर'च्या पुरवणीत आलेले मोजके स्तंभ, वाचकांची पत्रे आणि नवऱ्याने लिहिलेला उत्तरार्ध, असा तो ऐवज आहे.

निना रिग्ज ही अमेरिकन कवयित्री. निदानाच्या वेळी ती सदतीस वर्षांची होती आणि घरात दोन लहान मुलगे होते. तिच्या आजाराची सुरुवात 'एवढासाच ठिपका आहे' अशा दिलासादायक बोलण्याने झाली. २०१७ च्या फेब्रुवारीत, एकोणचाळिसाव्या वर्षी ती वारली आणि त्याच वर्षी तिचे 'द ब्राइट अवर' प्रसिद्ध झाले. पिकार्डी आणि रिग्ज यांच्यात वीस वर्षांचे आणि एका महासागराचे अंतर आहे. तरी दोघींच्या कहाणीचा आरंभ सारखाच आहे : कोणीतरी गाठ लहान करून सांगते.

यात सगळी चूक एखाद्या डॉक्टरची असते असे नाही. तरुण स्तनात ग्रंथींची दाटी अधिक असते, त्यामुळे मॅमोग्राफीत गाठ लपून राहू शकते. या वयातल्या बहुतेक गाठी खरोखरच साध्या असतात. बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांच्या काळात स्तनात इतके बदल होतात की वेगळी गाठ ओळखणे अवघड जाते. म्हणजे 'बहुधा काही नसेल' हे वाक्य शंभरातल्या बहुतेक जणींच्या बाबतीत खरेच ठरते. उरलेल्या एखादीच्या बाबतीत ते खोटे ठरते, तेव्हा तेच वाक्य तिचे महिने खाऊन जाते.

माझ्या भाचीच्या बाबतीत हे जवळून पाहिले. ती एकतीस वर्षांची, मुलगी सात महिन्यांची, अंगावर पिणारी. गाठ लागली. घरच्या थोरल्यांनी 'दुधाची गाठ' म्हणून शेकायला सांगितले, नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच म्हटले. सुई घालून तपासणी झाली तोवर तीन महिने उलटले होते. उपचार पार पडले, ती आज बरी आहे. पण या काळात तिने मला सांगितलेले एक वाक्य मी विसरू शकत नाही : "मावशी, जो येतो तो मला शूर म्हणतो. मग रडायला घरात जागाच राहत नाही गं." त्या तीन महिन्यांबद्दल मात्र कोणीच तिच्याशी बोलत नव्हते. शूर म्हटले की ते तीन महिने काढायचे कारण उरत नाही.

इथे महाराष्ट्रात झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा उल्लेख अस्थानी होणार नाही. मुंबईत टाटा मेमोरियल सेंटरने १९९८ मध्ये वस्त्यांमधून एक पाहणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया तीत होत्या. त्यांचे दोन गट करून एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या साध्या तपासणीने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. ही मोठीच गोष्ट आहे. यंत्राविना, प्रशिक्षित बायकांच्या हातांनी ती साधली. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही. आणि एकतीस वर्षांची बाई तर या पाहणीच्या चौकटीतच नव्हती. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षे अलीकडच्या वयात दिसतो, असे आपले डॉक्टर सांगतात. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात १,७८,३६१ स्त्रियांना तो नव्याने झाला आणि ९०,४०८ जणी दगावल्या. सरसकट शिबिरांचा उपयोग जिथे मर्यादित आहे, तिथे तरुण बाईच्या हाती एकच उपाय उरतो : गाठ लागल्यावर तिचे म्हणणे लगेच ऐकले जाणे. पिकार्डी आणि रिग्ज यांची पुस्तके म्हणूनच मला केवळ हळवी वाटत नाहीत. ऐकून घेणे किती लांबते, याची ती नोंद आहेत.

आता पिकार्डीच्या पुस्तकाच्या घडणीकडे वळू. ई-मेल, स्तंभ, पत्रे अशी ही जुळवाजुळव अनेकांना कच्ची वाटेल. मला ती अगदी अचूक वाटते. तिच्याकडे सलग पुस्तक लिहिण्याइतका वेळच नव्हता. सकाळी मुले, दुपारी दवाखाना, मध्येच ई-मेल. एका मैत्रिणीशी वजन वाढल्याची थट्टा, त्याच दिवशी दुसऱ्याला यकृतातल्या नव्या गाठीची खबर. पत्रव्यवहारातला एक मित्र एचआयव्हीबाधित आहे, आणि मृत्यूविषयी ती दोघे ज्या सहजतेने बोलतात तसे ती निरोगी माणसांशी बोलू शकत नाही. पर्यायी उपचारांनी तिची निराशा केली. महागडी प्रसाधने आणि कपडे घेतल्याने निदान तेवढा दिवस बरा गेला, असे ती मोकळेपणाने सांगते. मुलांसाठी आठवणींच्या पेट्या भरायला घेते. दोन वर्षांच्या मुलांना आपण आठवणार नाही, हे तिला कळते. आजार मेंदूत पोचतो तसे लेखन विरळ होते आणि मग दुसरे लोक बोलू लागतात. पुस्तकाचा आकारच सांगतो की काळ कसा संपला. सुरुवात, संघर्ष, विजय अशी तीन अंकी रचना तिने स्वीकारली असती तर ती खोटी पडली असती, कारण तिसऱ्या अंकापर्यंत ती असणारच नव्हती.

तरुण स्त्रीच्या या लेखनात मृत्यूपेक्षाही अधिक जागा काळाला असते. आजी झालेल्या बाईच्या आजारात गेलेला काळ मोठा असतो. इथे न आलेला काळ मोठा असतो. मूल होईल का, हा त्यातलाच एक प्रश्न. संप्रेरकांवर पोसणाऱ्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर पाच ते दहा वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. पस्तिशीतल्या बाईची मूल होण्याची वर्षे नेमकी त्यातच जातात. 'जीव वाचला हेच पुष्कळ' असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारला जात असे. पुढे अनेक देशांतल्या डॉक्टरांनी तो प्रश्न म्हणून घेतला. ४२ वर्षांपर्यंतच्या ५१६ स्त्रियांनी गर्भधारणेसाठी दोन वर्षांपर्यंत गोळ्या थांबवल्या, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत तरी आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढची वर्षे पाहायची आहेत. पण कोणीतरी आधी तक्रार केली, ती ऐकली गेली, म्हणून उत्तराची वाट निघाली. झुंज देणाऱ्याने तक्रार करायची नसते. लढा तक्रारीतूनच सुरू होतो.

या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पुस्तक ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीचे 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०). १९७८ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिचा एक स्तन काढला गेला. रुग्णालयात एक प्रेमळ स्वयंसेविका तिला भेटायला आली. सोबत लोकर भरलेला, फिकट गुलाबी रंगाचा कृत्रिम स्तन. लॉर्डच्या त्वचेच्या रंगाशी त्याचा काही मेळ नव्हता. तो न लावता ती शल्यविशारदाच्या दवाखान्यात तपासणीला गेली, तेव्हा तिथल्या परिचारिकेने तिला सुनावले की असे येण्याने दवाखान्यातल्या इतरांचे मनोधैर्य खचते. लॉर्डने या प्रसंगावर पुस्तकाचा मोठा भाग उभा केला आहे. एक डोळा गेलेल्या इस्रायली सेनानी मोशे दायान यांना काळी पट्टी लावल्याबद्दल कोणी असे सुनावत नाही. मग बाईनेच आपली उणीव का झाकायची? सगळ्यांनी झाकली तर या आजारातून गेलेल्या बायका एकमेकींना ओळखणार कशा? आणि ओळख नसेल तर एकत्र येणार कशा?

लॉर्ड योद्ध्याची प्रतिमा वापरते, हे इथे सांगितले पाहिजे. माझ्या मांडणीला ते सोयीचे नसले तरी. आफ्रिकेतल्या दाहोमीच्या स्त्री-सैनिकांची आठवण ती काढते. एक स्तन असलेल्या स्त्रियांची फौज अमेरिकेच्या संसदेवर चालून गेली तर काय होईल, असे चित्रही ती रंगवते. पण ही फौज काय मागते ते पाहा. गुरांच्या खाद्यातली, चरबीत साठून राहणारी आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी संप्रेरके बंद करा, अशी ती मागणी आहे. म्हणजे लॉर्डची युद्धभाषा स्वतःच्या पेशींविरुद्ध नाही. तिला एक पत्ता आहे. झुंज आणि लढा यांतला फरक मला प्रथम या पानांवर स्पष्ट दिसला.

लॉर्डच्या आधी दोन वर्षे सुसान सोन्टॅगचे 'इलनेस अॅज मेटाफर' आले होते. तिला १९७५ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, हाच आजार झाला होता. क्षयाला एकेकाळी मिळालेले काव्यात्म वलय आणि कर्करोगाला चिकटलेली युद्धाची व लाजेची भाषा यांचा तिने जो पंचनामा केला, तो आजही ताजा आहे. रूपके आजाऱ्याला दुबळे करतात, हे तिनेच ठसवले. मात्र स्वतःच्या आजाराबद्दल त्या पुस्तकात ती चकार शब्द काढत नाही. 'मी' टाळल्याने तिच्या युक्तिवादाला धार आली हे खरे. पण त्यामुळे रूपके दूर सारल्यावर उरते काय, हे सांगायचे राहून गेले. ते लॉर्डने सांगितले. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत. पहिले भाषा स्वच्छ करते आणि दुसरे त्या जागेत उभे राहून बोलते.

लढा प्रत्यक्षात कसा असतो याचे उदाहरण म्हणून रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीचे नाव घ्यावे लागेल. त्या काळी अमेरिकेत बाईला गाठीच्या तपासणीसाठी भूल देत, आणि गाठ कर्करोगाची निघाली तर त्याच भुलीत संपूर्ण स्तन, खालचे स्नायू व काखेतल्या गाठी काढून टाकत. जागी झाल्यावर बाईने छाती चाचपून निकाल समजून घ्यायचा. १९७४ मध्ये कुशनरने याला नकार दिला : आधी तपासणी करा, मला जागी होऊ द्या, मग बोलू. ती पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर होती. तिने पुस्तक लिहिले, परिषदांमध्ये प्रश्न विचारले, डॉक्टरांचा रोष पत्करला. १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या टप्प्यांत कराव्यात अशी शिफारस केली, आणि त्या मंडळात कुशनर होती. दुसरीकडे बर्नार्ड फिशर आणि इटलीचे उंबेर्तो व्हेरोनेसी हे शल्यविशारद चाचण्या घेत होते. गाठ लहान असताना तेवढीच काढून किरणोपचार दिले तरी संपूर्ण स्तन काढल्याइतकेच आयुष्य मिळते, हे १९८५ पर्यंत त्यांनी दाखवून दिले. आज आपल्या शहरांत एखाद्या तरुण मुलीला 'स्तन राखता येईल का ते पाहू' असे डॉक्टर म्हणतात, त्यामागे हा इतिहास आहे.

लढ्याची पुन्हा झुंज कशी होते, हेही या साहित्यात नोंदले गेले आहे. शार्लट हेली या अमेरिकन बाईने १९९०च्या सुमारास घरी बसून पीचच्या फळासारख्या फिकट केशरी रंगाच्या फिती तयार केल्या. सोबतच्या कार्डावर मागणी होती की, सरकारी कर्करोग संस्थेच्या निधीतला फार थोडा हिस्सा प्रतिबंधावर खर्च होतो, तो वाढवा. एका मासिकाने आणि प्रसाधनांच्या कंपनीने फीत मागितली. तिने व्यापारी वापराला नकार दिला. मग रंग बदलला गेला, आणि १९९२ पासून गुलाबी फीत जगभर पसरली. फीत राहिली, कार्डावरची मागणी गळाली. बार्बरा एरनरीकने २००१ मध्ये 'हार्पर्स'मधल्या 'वेलकम टू कॅन्सरलँड' या निबंधात याच गुलाबी जगाची झडती घेतली. रुग्ण स्त्रियांना वाटले जाणारे टेडी अस्वल पाहून ती विचारते, प्रौढ बाईला अस्वल कशासाठी? आपला राग तिने इतर रुग्णांपुढे मांडला, तेव्हा तिलाच मदतीची गरज असल्याचे सल्ले मिळाले. वाचलेल्यांसाठी 'सर्व्हायव्हर' असा मानाचा शब्द आहे, गेलेल्यांसाठी तसा नाही, हे तिचे निरीक्षण आपल्या निधनवार्तेलाही लागू पडते.

या परंपरेचे अलीकडचे टोक म्हणजे अॅन बॉयरचे 'द अनडाइंग' (२०१९). त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले. बॉयर कवयित्री, एकटीने मुलगी वाढवणारी, कन्सास सिटीत शिकवणारी. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तिला ज्यावर गोळ्यांचा उपयोग होत नाही असा 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारचा कर्करोग निघाला. तिच्या पुस्तकात सर्वांत बोचतो तो पैशाचा आणि रजेचा हिशेब. दोन्ही स्तन काढल्यावर तिला रुग्णालयात राहू दिले गेले नाही. रजा संपली होती, म्हणून दहाएक दिवसांत ती वर्गात उभी राहिली, अंगाला निचऱ्याच्या नळ्या लावलेल्या. मित्रमंडळींनी आळीपाळीने सांभाळले. बाईच्या शौर्याचे कौतुक करणारे जग तिला आठवड्याची रजा देत नाही, हा विरोधाभास बॉयर कुठेही गळा न काढता समोर ठेवते. पुस्तकात काही ठिकाणी विद्वत्तेचा भार होतो. प्राचीन ग्रीसपासूनचे संदर्भ वाचकाला दमवतात. पण रजेची पाने कोणत्याही भाषेत वाचली तरी लागू पडतील. आपल्याकडे केमोच्या दुसऱ्या दिवशी पोरांचे डबे भरणारी बाई घराघरांत आहे. तिच्या कहाणीचे नावही आपण 'झुंज' असेच ठेवतो, डबा मात्र तिच्याच हातात राहतो.

एक आक्षेप इथे येणारच. अनेक रुग्णांना 'मी लढते आहे' असे म्हटल्याने बळ येते. ते आपण का हिरावून घ्यावे? आक्षेप रास्त आहे. उपचार घेणारी बाई स्वतःसाठी जो शब्द वापरेल तो तिचा. त्यावर समीक्षकाचा हक्क नाही. माझी हरकत तिच्याबद्दल इतरांनी वापरलेल्या शब्दाला आहे. तिने 'मी लढते' म्हणणे हा आधार आहे. ती गेल्यावर आपण 'तिची झुंज अपयशी ठरली' म्हणणे हा निकाल आहे, आणि तो देताना उशीर, पैसा, अंतर, अविश्वास हे सगळे साक्षीदार आपण तपासलेलेच नसतात.

आता मराठीपुरते. आपल्या दिवाळी अंकांत या विषयावर दोन प्रकारचे लेख येतात. एक डॉक्टरांचा, माहितीचा. दुसरा बरे झालेल्या व्यक्तीचा, अनुभवाचा. दोन्हींचा उपयोग आहे. पण अनुभवाच्या लेखाची आपली कसोटी एकच असते : तो 'प्रेरणादायी' आहे का? ही समीक्षेची कसोटी नव्हे. या कसोटीवर पिकार्डीचे पुस्तक नापास होईल, कारण ती चिडते, खरेदी करते, मत्सर करते आणि शेवटी मरते. मी सुचवते ती कसोटी साधी आहे : लेखात तारखा आहेत का? गाठ कधी लागली, कोणाला सांगितली, तो काय म्हणाला, पैसे कोठून आले, पोर कोणी सांभाळले, नवरा काय बोलला आणि काय बोलला नाही. हे ज्या लेखात आहे तो चांगला, मग त्याचा शेवट कसाही असो.

यासाठी शब्दही लागतील. 'स्तन' हा शब्द आपल्याकडे वैद्यकाच्या पुस्तकात आणि काव्यशास्त्रात राहतो. घरात बाई 'छातीत गाठ आहे' म्हणते. छाती तर पुरुषालाही असते. त्याहून लाजणारी 'तिथं' म्हणते. आजाराचे नावही घेतले जात नाही. तो 'मोठा आजार' असतो, आणि निधनवार्तेत 'दीर्घ आजार'. जी गोष्ट सांगायला दोन आडपडद्यांतून जावे लागते, ती डॉक्टरपर्यंत उशिरा पोचली तर नवल नाही. मराठीत हे लेखन मोकळेपणाने होणे म्हणूनच केवळ साहित्याची गरज नाही. बाईने योग्य शब्द वाचलेला असेल तर तो तिला वेळेवर उच्चारता येतो.

रूथ पिकार्डीच्या मृत्यूनंतर तिच्या बहिणीने आणि इतरांनी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये 'लॅव्हेंडर ट्रस्ट' उभा केला. हा आजार झालेल्या तरुण स्त्रियांच्या गरजा वेगळ्या असतात, हे मान्य करून त्यांच्यासाठी स्वतंत्र निधी जमवणारा. पिकार्डीची झुंज अपयशी ठरली असे लिहिणाऱ्याला हा निधी कुठे बसवायचा ते कळणार नाही. मला वाटते, आपल्या वृत्तपत्रांनी निदान एवढे करावे. तरुण बाई गेली तर लिहावे : स्तनाच्या कर्करोगाने निधन, वय अमुक, गाठ लागल्यापासून निदानाला इतके महिने लागले. शेवटचा आकडा कुटुंबाला विचारावा, आणि त्यांनी सांगितला तर छापावा.